फेटा बांधायचा राहिलाय

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या माजी सैनिक संघटनेचे आधारवड सुभेदार गणपतराव आबा; सरपंच बाळाबाई; आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती, निवृत्त हवालदार नबीलाल बारगीर, म्हणजे आपल्या सगळ्यांचे नबीलालचाचा; त्यांच्या शेजारी कधी नव्हे ते खुर्चीत टेकलेल्या बिबीजानचाची; आणि समोर बसलेले आजी-माजी सैनिक, त्यांच्या घरच्या बायका आणि पेठ वडगावाहून आलेली पाव्हणी मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

मघाशी आदर्शनं सूत्रसंचालन करताना सांगितलं, की माझी ओळख करून द्यायची गरजच नाही. का नाही, ते मला कळलं. जे म्हणायचं होतं ते त्यानं गिळलं. पण पाव्हण्यांना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. मी स्वप्नाली मगदूम. इथल्या दूध संस्थेत दोन्ही वेळच्या दुधाचं फॅट मी काढते. माझे पती विश्वजित मगदूम फौजेत नाईक होते. आता शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या गेटवर असतात. पत्रिकेवर आजचं भाषण त्यांच्या नावावर आहे. सकाळी म्हणाले, ‘तू बोल. मी फेट्याचं बघतो.’

तर फेट्याचं. शाल झाली, श्रीफळ झालं, हार झाला, आणि सत्कारमूर्ती अजून बोडक्या डोक्यानं बसलेत. हे तुमच्या लक्षात आलंय, नाही असं नाही. आबांनी दोनदा माझ्याकडं बघितलं आणि दोनदा घड्याळाकडं. आबा, जरा दम धरा की! फेटा बांधणारा माणूस बाहेर पाण्याच्या पिंपाजवळ उभा आहे, कापड हातात घेऊन. तो आत येईल का नाही, हे मला खरंच सांगता येत नाही. येईपर्यंत मी बोलणार.

नबीलालचाचांबद्दल काय सांगावं? फौजेत रणगाडा चालवला, हे तुम्हाला माहीत आहे. परत आल्यावर संघटनेचं सचिवपद सांभाळलं, तेही माहीत आहे. उद्या ते सांगलीला काशिफकडं, मुलाकडं, कायमचे राहायला चाललेत. पण या गावानं चाचांना ओळखलं ते फेट्यानं. पंचक्रोशीत लग्न कुणाचंही असो, नवरदेवाचा फेटा चाचांचा. आणि गावात निवृत्त होऊन येणाऱ्या प्रत्येक जवानाच्या डोक्याला पहिला हात लागायचा तो चाचांचा. समोर नवरदेव असो नाहीतर कर्नल, चाचांचं वाक्य एकच. ‘मान हलवू नका.’

पाव्हण्यांसाठी आमची पद्धत सांगते. जवान निवृत्त होऊन आला, की वेशीवर उघडी जीप सजवायची. तिथंच फेटा बांधायचा, आईनं ओवाळायचं, गुलाल, डीजे, मिरवणूक थेट या सभागृहापर्यंत. इथं सत्कार, मग चार शब्द. आता तो निवृत्त झालाय हे कळायचं कसं? फौजी स्वतः सांगत नाहीत, लाजतात. पण आमच्याकडं खूण आहे. पाठीवर सॅक असेल तर सुट्टीवर आला. पांढऱ्या अक्षरांत नाव लिहिलेली काळी ट्रंक असेल तर कायमचा आला. पेठ वडगावच्या स्टँडवर ट्रंक उतरली, की गावात जीप निघालीच म्हणून समजायचं.

आमच्या मालकांची ट्रंक उतरली, तेव्हा तेच झालं. घरी फोनवर फक्त ‘येतोय’ म्हणाले होते. स्टँडवर कुणीतरी ट्रंक बघितली, ग्रुपवर टाकली. आणि गावातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही, की अरे, याची नोकरी अजून पुरी कुठं झालीय? ट्रंक दिसली, म्हणजे निवृत्त! ते वेशीवर पोचायच्या आत जीपला झेंडूच्या माळा लागल्या होत्या. माझ्या सासूबाई, शालूबाई, नवीन लुगडं नेसून ताट घेऊन उभ्या. मीही उभी होते, हसत. मला तरी कुठं काय ठाऊक होतं!

त्यांना जीपमध्ये चढवलं. चाचांनी फेटा बांधला. मिरवणूक इथं आली. आबांनी माईक दिला, ‘चार शब्द बोला.’ आणि आमचे मालक बोलले. तेव्हा जे हजर होते त्यांना आठवत असेल, चारच तुटकी वाक्यं होती. ‘मी रिटायर न्हाय. मला काढलंय. दारूपायी. दोनदा दवाखान्यात घातलं, तरी जमलं न्हाय.’ डोक्यावरचा फेटा काढला, चाचांच्या मांडीवर ठेवला आणि त्या मागच्या दारानं निघून गेले. डीजेवाल्याला काय कळलंच नाही. भाषण संपलं म्हणून त्यानं पुन्हा वाजवायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून आमच्या मालकांनी या सभागृहाचा उंबरा ओलांडलेला नाही. कुणाचं लग्न असो, कुणाचा सत्कार असो. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे मी आबांना का थांबवलंय ते समजेल.

आता काढलं म्हणजे काय झालं, ते सरळ सांगते, कारण गावात त्याच्या दहा तऱ्हा फिरतात. त्यांनी कुणावर हात उचलला नाही. बंदूक हरवली नाही. प्यायचे. ड्यूटीवर प्यालेले सापडले. फौजेनं दवाखान्यात घातलं, बरे करून पलटणीत परत पाठवलं, नजर ठेवली. पुन्हा प्याले. पुन्हा दवाखाना. पुन्हा प्याले. मग साहेबांपुढं उभं केलं आणि ‘सेवेस अयोग्य’ असा शेरा मारून घरी पाठवलं. का प्यायचे, असं मला बायका विचारतात. बायांनो, मला माहीत असतं तर मी तुमच्या आधी काहीतरी केलं असतं. त्यांनाही माहीत नाही.

आणि गावानं फार नाक मुरडू नये. या सभागृहात फौजी कॅन्टीनच्या कोट्यातली बाटली कधीच उचलली नाही असा एक माजी सैनिक असेल, तर त्यानं हात वर करावा. बघा. एकच हात, तोही चाचांचा! वायरमन लवकर यावा म्हणून बाटली, जमिनीची मोजणी लवकर व्हावी म्हणून बाटली. बाटली चालते, बाटलीनं पडलेला माणूस तेवढा चालत नाही.

मालकांना घरात तोंड लपवून बसलेलं बघून चाचा स्वतः आमच्याकडं आले. म्हणाले, फेरविचाराचा अर्ज करायचा. मागणी एवढीच, की याला आजारी म्हणून सोडा, नालायक म्हणून नको. पेन्शनचं काय व्हायचं ते होऊ दे, पण दारू हा आजार असेल आणि फौजेच्याच डॉक्टरांनी त्यावर औषध दिलं असेल, तर औषध लागू पडलं नाही म्हणून माणूस नालायक कसा? मला हे इतकं पटलं, की त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले. सासूबाईंनी उलटा करून ठेवलेला मालकांचा वर्दीतला फोटो पुसून घेतला, पण लावला नाही. ‘निकाल लागू दे, मग लावू’ म्हणाल्या.

सुनावणी पुण्याला होती. तिघं गेलो. मालक, मी आणि चाचा. सुनावणी घेणाऱ्या मंडळानं संघटनेच्या माणसाचंही म्हणणं ऐकायचं कबूल केलं होतं. आमचे वकील चाचांना बाहेर म्हणाले, ‘तुम्ही फक्त सांगा, घरी आल्यापासून यानं थेंब घेतलेला नाही.’

आत एका साहेबांनी मालकांना हात पुढं करायला सांगितलं. केले. थरथरले. भीतीनं थरथरले असतील, पण हात कशानं थरथरतात हे कोण लिहून घेतंय? मग चाचांना विचारलं, घरी आल्यावर प्याला का? आणि चाचा म्हणाले, ‘एक बार पिया साहब. उरूस में. मैं खुद उठाके घर लाया.’

खरं होतं ते. उरसात आपल्याच एका भल्या माणसानं ‘पावणं, एवढा एकच घ्या’ म्हणून ग्लास हातात दिला होता. कुणी दिला ते मी सांगणार नाही. तो इथंच बसलाय आणि आता माझ्याकडं बघत नाही.

अर्ज फेटाळला. शेरा तसाच राहिला. निकाल कळला त्या सकाळी संस्थेतलं काम टाकून मी चाचांच्या दारात गेले. काय बोलले, ते पूर्ण गल्लीनं ऐकलंय. ‘चाचा, तुमच्या जिभेला हाड हाय का न्हाय? एक शब्द खोटं बोलला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? तुमचं काय गेलं? आमचं घर गेलं!’ बिबीजानचाचींनी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो मी घेतला नाही. आज समारंभ आहे म्हणून मी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी, असं काहींना वाटत असेल. मी करणार नाही. माझं पोट जळत होतं, मी बोलले.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘पोरी, वेशीवर फेटा बांधताना मला वास आलता. शालूबाई ताट घेऊन समोर उभी. मला धीर झाला न्हाय, मी बांधला. एकदा फेट्याखाली झाकलं, त्यानं त्याचं काय भलं झालं? ह्या बारीला झाकलं असतं तर त्यानं जन्मभर झाकूनच पिलं असतं. आणि मी झाकत बसलो असतो.’

मला पटलं नाही. आजही अर्धंच पटलंय. चाचा, तुमच्या तोंडावर सांगते.

पण त्यापुढं ते म्हणाले, ‘उद्या सकाळी त्याला माझ्याकडं पाठव. लगीनसराई हाय. कापडाचं दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे.’

मालक गेले. जायला तोंड नव्हतं, तरी गेले. फेट्याला चुण्या पाडताना दोघं लागतात. एकानं टोक ताणून धरायचं, दुसऱ्यानं बोटांनी घडी बसवत यायचं. टोक धरणारा हलला, की सगळी चुणी मोडते. पहिल्या लग्नात मालकांनी इतक्यांदा चुणी मोडली, की नवरदेवाचा मामा म्हणाला, ‘ह्यापेक्षा मी टोपी घालतो.’ चाचांचं आपलं एकच. सोडायचं, पुन्हा घडी घालायची.

मग घरी सराव सुरू झाला. डोकं कुणाचं मिळणार? पाण्याच्या घागरीवर! रोज सकाळी घागरीला फेटा. तुरा सरळ उभा राहायचाच नाही, एका अंगाला मान टाकायचा. सासूबाई म्हणायच्या, ‘ह्या घागरीचं लगीन कवा हाय म्हणायचं?’ आमच्या घरात किती दिवसांनी कुणीतरी हसलं, ते सासूबाईंच्या त्या बोलण्यावर.

आता ‘फेट्यानं दारू सोडवली’ असं मी म्हणणार नाही. तसलं गोड भाषण मला येत नाही. कोल्हापुरात डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, दारू सोडणाऱ्यांची बैठक आहे, तिथं ते जातात. कधी जड जातं, मग चाचांकडं जाऊन बसतात. कायमची सुटली का, असं मला कुणी विचारू नये. मला माहीत नाही, आणि मी मोजतही नाही. हात थांबलेत, एवढं मी माझ्या डोळ्यांनी बघते. या हंगामात आजूबाजूच्या गावांत चाचांच्या नावावर बांधलेले कितीतरी फेटे आमच्या मालकांच्या हातचे आहेत. फक्त या गावात, या सभागृहात त्यांनी कुणाला बांधलेला नाही.

काल चाचा घरी आले. मालकांना म्हणाले, ‘गावातल्या समद्यांची डोकी मी बांधली. माझं कोण बांधणार? तू येणार असशील तर बांधून घेतो. न्हायतर बोडका जातो सांगलीला.’ मालकांचं रात्रीचं जेवण नीट झालं नाही. सकाळी कापड घेऊन निघाले, पिंपापर्यंत आले आणि तिथंच थांबलेत.

आणि… थांबा. मागं वळून बघू नका कुणी, बुजतील. आदर्श, टाळ्या नकोत. डीजेला हात लावलास तर याद राख. तेवढी मधली वाट मोकळी करा.

आले. चढू द्या त्यांना. आबा, तुम्ही कापडाचं दुसरं टोक धरा. घट्ट धरा, हलू नका.

ते बांधतायत तोवर मी आभार उरकते. आबांनी घड्याळाकडं बघायचं सोडलं, त्याबद्दल त्यांचे आभार. बाळाबाईंनी सभागृह दिलं, त्यांचे आभार. चाचींचे, कारण त्या दिवशी न घेतलेलं पाणी त्यांनी नंतर चहा करून पाजलं. चाचांचे आभार मी मानत नाही. तेवढा त्यांचा-माझा हिशेब शिल्लक राहू दे, म्हणजे सांगलीहून यावं लागेल त्यांना. फौजेनं जो शेरा मारला तो मारला, तो काही पुसायचा नाही. पण सुनावणीतले साहेब आज इथं असते, तर मी म्हणाले असते, आता बघा हात.

फेट्यात काही उणं राहिलं, तर ते लेकराचं समजून पोटात घाला. माझ्या बोलण्यात कुणाला टोचलं असेल, तर माझ्या मागं आयुष्यभर बोला, पण यांच्या हातात ग्लास देऊ नका.

ऐकलंत? मागं बसलेल्यांना ऐकू गेलं नसेल, मी माईकवर सांगते. आमचे मालक म्हणाले, ‘चाचा, मान हलवू नका.’

चाचा, ऐका त्यांचं. रडायचं ते तुरा बसल्यावर रडा.