बापूकाकांचे कच्चे चिकू

एम.ए.ला निघालेल्या पोरांनो, घरच्या म्हाताऱ्यांचे सल्ले ऐकू नका. मी ऐकले, म्हणून आज डहाणूत परत वाडी शिंपतोय. विद्यापीठ लांबूनही न पाहिलेले बापूकाका म्हणाले, "मार्गदर्शक सरांना आपले चिकू दे. आणि त्यांनी विचारल्याशिवाय तोंड उघडू नकोस."

चिकू सकाळीच झाडावरून उतरवलेले, पेंढ्यात पिकवायचे बाकी. मुंबईच्या सरांना ते काय कळणार? त्यांनी कौतुकानं एक कचकन चावला. मी गप्प उभा. चिकानं सरांचे ओठ चिकटले.

"कच्चा आहे हे ठाऊक होतं?"

"हो सर. पण काका म्हणाले, विचारल्याशिवाय बोलू नकोस."

"मग मार्गदर्शनही काकांकडूनच घ्या!"

घरी येऊन हे सांगितलं, तर काका माझ्यावरच खेकसले, "म्हणजे शेवटी तोंड उघडलंसच ना!"