जमिनीवरून दिसलेला गुडघा

हॅलो?... हां, बोल. जरा मोठ्यानं बोल गं, इथे जिममध्ये पंखा घरघरतोय... कुठे आहेस?... तुझ्या स्टुडिओत. बरं. स्टुडिओत कुठे?... जमिनीवर?

अगं, जमिनीवर म्हणजे? बसलीयस की पडलीयस?... आडवी. आणि उठताच येत नाही. वा!

नाही गं, हसत नाहीये... खरंच नाही. थांब, पाय हलतात?... बोटं?... मुंग्या, बधिरपणा, काही?... नाही ना? मग घाबरू नको. कमरेत उसण भरलीय. गुडघे दुमडून पड. आणि संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचंच, आत्ताच सांगून ठेवते.

हं, आता सांग. काय उचललंस?... सगळ्यांत जड वजन? कशाला, घर हलवायचं होतं?... हेडबाईंना दाखवायला. अगं, पण त्या अजून आल्याच नाहीत ना!... अच्छा, तालीम चालली होती. आणि वॉर्म-अप?

हॅलो? वॉर्म-अप केलास का, विचारतेय... नाही ना केलास? क्लायंटला खांदे फिरवल्याशिवाय डंबेलला हात लावू देत नाहीस, आणि स्वतः? लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

पाठ सरळ! पाठ!... तुला नाही गं, तू तर सध्या सरळच आहेस. सायकलवरच्या काकांना म्हणतेय. काका, फोन माझा आहे, तुम्ही इकडे कान देऊ नका, पेडल मारा.

हं... रडू नको. रडताना आचके बसले की कंबर जास्त दुखते... हो, माहितेय मला. आज हेडबाईंचा शेवटचा क्लास... हो, तुझी पहिली क्लायंट. शाळेतून रिटायर झाल्या तरी अख्खा मोहल्ला त्यांना विचारून पाऊल टाकतो. त्या गेल्या की बाकीच्या बायकाही चालल्या, कळतंय गं. स्टुडिओला टाळं लागेल, तेही कळतंय. नवीन दहा शोधण्यापेक्षा आलेलं माणूस टिकवावं, हे मीच तुला सांगितलं होतं. पण असं टिकवतात? वजन उचलून दाखवलं की त्या भारावून थांबतील, असं वाटलं तुला?

अगं बबडे, बाहेर पाटीवर तुझ्या दंडांचा फोटो, आत भिंतीवर तुझ्या दंडांचा फोटो. बाईंना काय करायचेत तुझे दंड? त्यांना काय हवंय?... फिटनेस म्हणू नको. पहिल्या दिवशी त्या काय म्हणाल्या होत्या, आठव... बघ! सोफ्यावरून आपलं आपण उठायचंय. कुणी हात दिलेला खपत नाही त्यांना. एवढंच त्यांचं मागणं, आणि तू त्यांच्यापुढे उड्या मारतेस.

प्रोत्साहन म्हणे! तू पुढे, त्या मागे धापा टाकत. आणि समोरच्या आरशात तू कुणाला बघतेस?... स्वतःलाच ना!

काय?... आल्या? मग बोलाव की आत... अजिबात नाही, क्लास रद्द करायचा नाही. दार लोटलेलंच आहे ना? 'या' म्हण... लाज कसली त्यात? अगं ऐक, ऐक ना माझं. आज उंटावरून शेळ्या हाकायच्या. उंट नाही, तर जमिनीवरून हाक. तोंड चालतंय ना? ते बरं कधी बंद असतं! फोन स्पीकरवर टाक आणि शेजारी ठेव.

नमस्कार बाई! मी हिची मोठी बहीण... हो, तीच, जिमवाली... नाही हो, चक्कर नाही, उसण भरलीय... हट्टी आहे खरी. लहानपणापासून... तुम्ही एक खुर्ची ओढून घ्या. तिच्यासाठी नाही, तुमच्यासाठी. बसा आणि नेहमीसारख्या उठा. आणि बबडे, तू बघ. नुसती बघ.

काका, एकदम उतरायचं नाही! आधी वेग कमी करा.

हं?... काय दिसलं?... बाई, परत एकदा बसून उठा बरं... उजवा गुडघा आत वळतो? दर वेळी?... बाई, दुखतो का तो?... क्लास झाला की रात्रभर? अहो, मग हिला सांगितलं का नाहीत?... वय झालं असं वाटलं... म्हणून सोडणार होतात?

...बबडे, आहेस ना?... हो गं. इतके दिवस तुझ्या मागेच उभ्या होत्या त्या. तू मागे वळलीच नाहीस. आज आडवी पडलीस म्हणून दिसलं... नंतर रड. मला पण वाईट वाटतंय, पण नंतर. चूक सापडली ना, आता दुरुस्त कर. मी काही सांगणार नाही, क्लायंट तुझी आहे.

...हं. पाय जरा रुंद... गुडघा पावलाच्या रेषेत... बरोबर. आणि खुर्ची?... शाब्बास, उशी ठेवून उंच कर आधी... हळू, बाई, हळू...

उठल्या?... आणि दुखला?... नाही दुखला!

परत केलंत? पुरे, पुरे! आज दुखलं नाही म्हणून लगेच हिच्यावर जायचं का? आणि तो गुडघाही डॉक्टरांना दाखवा. दोघी एकाच रिक्षानं जा.

काय म्हणाल्या?... सोमवारी येते? पण एका अटीवर... उड्या मारायच्या नाहीत. कुणी?... तू! बरोबर आहे. हेडबाईच त्या, शिक्षा देणारच.

स्पीकर का बंद केलास?... अगं, कुजबुजतेस काय? कळलं मला. वेडी. मी काही केलं नाही, तूच बघितलंस... बरं, आता उठायचं बघू. कुशीवर वळ. गुडघे जवळ घे... कोपर टेक... थांब, थांब, दुखतंय तर जोर करू नको...

काय?... हात पुढे केलाय? बाईंनी?

नको काय, नको काय! ज्यांना कुणी हात दिलेला खपत नाही, त्या तुला हात देतायत... हो, त्यांना खुर्चीवर बसूनच देऊ दे. ओढायचं नाही, नुसता टेकू घ्यायचा... मी आहे गं फोनवर, कुठे जातेय...

नाही, थांब. मी ठेवते. दुसरा हात जमिनीला टेकवायला लागेल तुला... अगं, तो फोन ठेव आधी. हात मोकळा कर.