तीनदा परत आलेला नारळ

तुम्हीच सांगा, ज्या घरात ऑम्लेटचा तवासुद्धा गॅरेजमध्ये ठेवतात, त्या घरातल्या माणसाने शिकारीची जमीन विकत घ्यायला निघावं का? आमचे हे, चंद्रहास, वीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस, ह्यांनी शनिवारी पेपरातली जाहिरात माझ्या पोह्यांच्या बशीवरच ठेवली! "सुलेखा, बघ! चाळीस हेक्टर, बारमाही ओढा, ट्राउट मासे, डोंगरात हरणं, रानडुकरं!" मी म्हटलं, अहो, रानडुकरं ही काय सोय झाली? लाइट, पाणी, रानडुकरं? तर म्हणतात, "नुसतं बघून येऊ गं. बघायला काय जातंय?"

तुम्हाला सांगते, या 'नुसतं बघून येऊ'नेच माझा घात केलाय! पुण्याहून इथे न्यूझीलंडला, ऑकलंडलासुद्धा आम्ही नुसतं बघायलाच आलो होतो, नव्याण्णव साली. सात वर्षं झाली! आता कुठे सँडरिंगहॅममध्ये जीव रमला... चालत गेलं की कढीपत्ता मिळतो, शेजारची वसुंधरा विरजण मागायला येते आणि दोन तास बसते. आणि ह्यांचं म्हणणं, जागा पसंत पडली तर राहतं घर विकून तिकडेच जायचं! मग मी विरजण कुणाला देऊ, रानडुकराला?

रविवारी निघालो. वेल्सफर्ड गाव गेलं, डांबर गेलं, मोबाइलची रेंज गेली, मी आपली सारखी मागे वळून बघतेय, आणि लेक, ओवी, मागच्या सीटवरून म्हणते, "मम्मा, रिलॅक्स, जस्ट अ लुक!" बघा, बापाचंच वाक्य, फक्त इंग्रजीत!

जमिनीचे मालक केविन नावाचे म्हातारबुवा. अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत गमबूट, आणि बरोबर बेस नावाची काळी कुत्री. "किया ओरा! या, या!" म्हणून प्रेमाने आत नेलं आणि दाखवलं काय? फ्रीजर! "मोठं डुक्कर होतं, एह?" मी डोळे घट्ट मिटले. आणि आमचे हे? चार माणसांत शिंकायला लाजणारा माणूस, चक्क इथल्या पोरांसारखं म्हणाले, "स्वीट अ‍ॅज!" म्हणजे, एकदम झकास!

मग ओढा आला. खोटं कशाला बोलू, पाणी सुंदर होतं हो... तळाचा गोटानगोटा दिसत होता. आता नव्या पाण्याला गेलं की बाईने ओटी भरायची, ही आमच्याकडची रीत. त्यासाठी मी मुद्दाम साडी नेसले होते, वरून ह्यांचं जॅकेट. काठाशी बसले, हळदकुंकू वाहिलं, खण-तांदूळ सोडले, नारळ सोडला, आणि हळूच म्हटलं, आई, तुझं सगळं छान आहे, पण एवढी जमीन आमच्या पदरात घालू नकोस!

धप्प! बेसची उडी! पाण्यात पडलेली बदकं आणून द्यायची, हे तिचं शिक्षण. नारळ तोंडात मावेना, तर शेंडी दातांत धरली, ओढत आणला आणि टाकला... कुठे? थेट माझ्या पदरात!

मी परत सोडला. तिने परत आणला. तिसऱ्यांदा उठून, कंबर सांभाळून, असा लांब भिरकावला की केविन टाळ्या वाजवायला लागले, "गुड आर्म, लव!" आणि बेस शेपटी हलवत हजर! "ती परक्याला काही आणून देत नाही," केविन म्हणाले. "कालच्या गिऱ्हाइकावर तर गुरगुरली. झालं, जागा तुम्हालाच देणार."

हे गहिवरलेच. "सुलेखा, अगं, नदीने तुझीच ओटी भरली! तीनदा!"

वाहिलेला नारळ पदरात परत आला तर नाही म्हणायचं नसतं, हे लग्नापासून आमच्या घरात कोण सांगत आलंय? मीच ना! परतीच्या वाटेवर दोन तास तो ओला, दातांचे व्रण पडलेला नारळ माझ्याच मांडीवर. आणि मी म्हणे नुसतं बघायला गेले होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं घर विकायला काढणारा एजंट आला, दारातच म्हणाला, "जस्ट अ लुक," आणि मी त्याला त्याच नारळाची वडी दिली.