आत्याचे मागचे डोळे

म्हातारे मास्क लावत नव्हते म्हणता? कोरोनात आमची सत्तरीची आत्या रोज लावायची, पण डोक्यामागं, त्यावर कोळशानं डोळे काढून. मोहफुलं वेचताना वाघ मागून येते, डोळे दिसले की थांबते म्हणे.

एकदा जंगलातून परतताना मी वैतागलो. "आत्या, तोंडाले बांध. कोरोना समोरून येते."

"अन् मागून येते त्याचं?"

"मी आहो ना मागं."

तेंदूच्या झाडापाशी थांबून तिनं मास्क तोंडाले बांधला.

दुसऱ्या सकाळी त्याच वाटेनं निघालो. धुळीत आमच्या कालच्या पावलांवर गावाकडं आलेल्या वाघाचे पंजे उमटलेले, गावापासून थेट तेंदूच्या झाडापर्यंत. त्यापुढं जंगलात फक्त आमचीच पावलं.

आत्यानं मास्क काढून परत डोक्यामागं बांधला. म्हणाली, "चाल. तू आहेस ना मागं."