गिअर पडत नाही

नाही, पण मला सांगा, खटका दाबला की गिअर पडायला नको? एवढीच तर माझी अपेक्षा! रेसची सायकल, खाली वळलेलं हँडल, ब्रेकच्या दांडीतच गिअरचा खटका, आणि तो दाबावा तर नुसता आत-बाहेर, आत-बाहेर... हलणाऱ्या दातासारखा! चेन मागच्या सगळ्यात छोट्या चकतीवर, म्हणजे सगळ्यात जड गिअर, आणि समोर टेकडी. आता माणूस मागे पडणार नाही तर काय होणार? दर रविवारी आमचा सायकलवाल्यांचा घोळका टेकडी चढतो, त्यात मी शेवटचा! टेकडीवर आमचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, पोट माझ्यापेक्षा मोठं, दात काढून उभा. 'या भावजी, या! आम्हाला वाटलं, खालूनच परत गेलात!' सगळे हसले. तुम्हाला सांगतो, मला काही वाटलं नाही.

म्हणजे हल्ली मला कशाचंच काही वाटत नाही. पूर्वी असं कुणी बोललं की मी आठवडाभर धुमसायचो. आता ऐकतो, पाणी पितो. ऑफिसात माझं टेबल उचलून जिन्याखाली नेलं, का? तर तिथे प्रिंटर ठेवायचा होता! काही वाटलं नाही. मुलगी म्हणाली, 'बाबा, तुम्ही घरात आहात हे कळतच नाही.' म्हटलं, बरं. पण टेकडी... टेकडी मात्र मी चढायचो हो! पहिला नाही, मध्येच कुठेतरी, पण चढायचो. तेवढं एकच माझं म्हणून उरलं होतं, तेही या खटक्याने खाल्लं. म्हणून ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, हा नीट करायचा.

दुकानात नेली. मेकॅनिकने नुसतं बोट लावलं. 'हा उघडायचा नसतो साहेब, आतल्या स्प्रिंगा उडून कुठे जातील पत्ता लागणार नाही. नवीन टाका.' म्हटलं, निदान बघा तरी. 'बघितला की!' मला काही वाटलं नाही. घरी आणली, बाहेरच्या खोलीत सोफ्याला टेकवली, दांडीवरचं रबर मागे दुमडलं, आत बघतो तर काय, जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं घट्ट! मग स्प्रे मारायचा, खटका दाबायचा, काळं पाणी पुसायचं, परत स्प्रे. जेवताना एक हात ताटात, एक हात खटक्यावर. बायको म्हणाली, 'इतका वेळ माझा हात धरून बसला असतात तर!' म्हटलं, फडकं कुठंय? तिने फेकलं. फडकं कसलं, माझा धड बनियन! मला काही वाटलं नाही.

आणि एका संध्याकाळी... खट! नुसता आवाज नाही हो, बोटाला कळलं, आत काहीतरी धरलं! मागचं चाक उचलून पेडल फिरवलं, चेन टुणकन मोठ्या चकतीवर. खट, अजून एक! मी ओरडलो, 'पडला! पडला!' बायको धावत आली, 'कोण पडलं?' अहो, मला बरं वाटलं! खरंच वाटलं! तिचा हात ओढला, खटक्यावर ठेवला. 'दाब.' तिने दाबला. 'छान आहे,' म्हणाली आणि हात धुवायला गेली.

रविवारी टेकडीच्या पायथ्याशी खट, हलका गिअर. काय सुख! पुढचे दोघे गेले, जाऊ दे. खट, अजून हलका. मेहुणा शिट्टी वाजवत गेला. खट... आणि मग गिअरच संपले! सगळ्यात हलका लागलेला, त्याच्या पुढे काही नसतंच हो! खटका आपलं काम चोख करत होता, चेन आपलं करत होती, मीच तेवढा... छातीचा भाता, मांड्यांचे दगड. तेव्हा कळलं, खटका बिघडला होता हे खरं, पण मी मागे पडत होतो तो काही खटक्यामुळे नाही. उतरलो, सायकल हातात धरून चालायला लागलो. वाईट वाटलं म्हणाल, तर वाटायला हवं होतं. पण नाही वाटलं.

वर पोचलो तेव्हा सगळे हेल्मेट घालून निघायच्या बेतात. मेहुण्याने मला बघितलं, आणि या वेळी दात काढले नाहीत हो... पाण्याची बाटली पुढे केली, बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, 'भावजी, तब्येत बरी आहे ना?'

म्हटलं, 'तब्येत ठणठणीत आहे रे... गिअर परत अडकला.'