बाहुल्या मोठ्या होईपर्यंत

—नाही नाही, मॅडम, उघडायचे नाहीत. मिटूनच ठेवा. चुरचुरतंय? चुरचुरणारच, औषध आहे ते, गुलाबपाणी नव्हे. मान मागे टाका, अशी, आणि हा कापूस घ्या, गालावर ओघळलं तर पुसा, पण डोळ्याला हात लावायचा नाही. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्याशिवाय डॉक्टर तपासतच नाहीत, आतला पडदा दिसत नाही त्यांना. तोवर काय करायचं? काही नाही, डोळे मिटून गप बसायचं. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुमचा धंदाच तो — हो, ओळखलं की! केसपेपर हातात आला तेव्हाच ओळखलं. कॉलेजात मुलांना डोळे मिटायला शिकवता ना तुम्ही? ज्यांचं लक्ष एका जागी ठरत नाही त्यांचा वर्ग — त्या एडीएचडीवाल्यांचा? मग आपण एकाच धंद्यातले झालो. मीही इतकी वर्षं याच अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना बसवून ठेवतोय. फरक एवढाच, माझ्याकडून उठलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत अक्षर लागत नाही, आणि तुमच्याकडून उठलेल्याला म्हणे सगळं स्वच्छ दिसायला लागतं.

कोण म्हणजे? भिंगरीचा बाप मी. भिंगरी हो — तुमच्या वर्गात खिडकीशी बसते, एक पाय सारखा हलत असतो, बोलायला लागली की वाक्य एकीकडे आणि ती भलतीकडे — आली ना डोळ्यांसमोर? घरी भिंगरीच म्हणतो आम्ही तिला. आम्ही म्हणजे मीच, दुसरं आहे कोण घरात. अहो, दचकू नका, औषध वाया जाईल. बसा. तुम्ही आपणहून माझ्या खुर्चीत आलात हे बरंच झालं, नाहीतर मीच येणार होतो कॉलेजात. एकच काम आहे तुमच्याकडे. ती हॉस्टेलला राहायचं म्हणतेय. त्याच गावात बापाचं घर असताना हॉस्टेल! आणि ती वॉर्डन म्हणते, ध्यानाच्या मॅडमनी सांगितलं की पोरगी एकटी राहू शकते, तर देते खोली. म्हणजे घोडं तुमच्यापाशी अडलंय. तुम्ही एवढंच म्हणायचं, ‘अजून तयार नाही.’ झालं. जीभ काही झिजणार नाही तुमची.

तुम्हाला वर्गात तासभर दिसते ती. मला चोवीस तास. दूध गॅसवर ठेवते आणि गच्चीत जाऊन बसते. चहाचे तीन कप तीन खोल्यांत, प्रत्येकात अर्धा चहा, प्रत्येकावर साय. आंघोळीला जाते ती टॉवेल बाहेर ठेवून. नळ चालू, पंखा चालू, तोंड चालू — डोकं तेवढं बंद. हे मी तिच्या मैत्रिणींसमोर म्हणायचो तेव्हा त्या हसायच्या, आणि भिंगरी सगळ्यात मोठ्याने हसायची. बघा, म्हणजे तिला पटत होतं! आता नाही हसत. आता नुसती बघते. हे तुम्ही शिकवलंत, हे बघणं. पूर्वी माझ्याकडे अशी बघायची नाही ती.

किल्लीचंच घ्या. रोज सकाळी आमच्याकडे तमाशा ठरलेला. किल्ली नाही! कपाट उपस, दप्तर उपस, गादी उलटी कर, मग रडारड, स्वतःच्याच कपाळावर हाताने मारून घ्यायची — ‘माझं डोकंच फुटकं आहे, बाबा.’ मी आपला शांतपणे चहा संपवायचो. मग उठायचो, आणि चपलांच्या खणातून म्हणा, साबणाच्या डब्यामागून म्हणा, काढून द्यायचो हातात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणायचो. ती गळ्यात पडायची हो माझ्या. एवढी मोठी मुलगी. ‘बाबा, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं?’ असं रोज ऐकायला मिळतं का कुणाला? तुम्हाला म्हणतं का कुणी? नाही ना. मला म्हणायची.

आणि मग तुमचा वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी घरी येऊन सांगायला लागली — बाबा, मन भटकलं की त्याला ओरडायचं नसतं, फक्त ‘भटकलं’ एवढं ओळखायचं आणि परत आणायचं. मी म्हटलं, वा! शेळीसारखं का? नवं फॅड, चार दिवस चालेल, शिवणाचा क्लास चालला तसा, गिटार चाललं तसं. तर नाही! चिकटूनच बसली. संध्याकाळी दारात आली की थांबणार. किल्ली खिळ्याला लावणार. हात तिथेच ठेवणार, एक श्वास घेणार, आणि मोठ्याने म्हणणार, ‘किल्ली खिळ्यावर.’ वेड्यासारखी! पाकीट ठेवलं, ‘पाकीट टेबलावर.’ मी विचारलं, भिंतीला कशाला सांगतेस? म्हणाली, भिंतीला नाही बाबा, मला सांगतेय. तर एक दिवस सकाळी काय — खिळा रिकामा. मी चहा घेत बसलोय, म्हटलं आता रडेल. रडलीच नाही. खिळ्यासमोर उभी राहिली, एक श्वास, दोन श्वास, आणि म्हणाली, ‘मी इथेच ठेवली होती.’ ओरडून नाही. मला विचारून नाही. नुसतं तारीख सांगावी तसं. मी म्हटलं, अगं, तुला वाटतं ठेवलीस, तुझं काही खरं असतं का! तर परत तेच, ‘मी इथेच ठेवली होती, बाबा.’ आणि गेली निघून कॉलेजला. शोधलीसुद्धा नाही. मी ती पिठाच्या डब्यामागून काढून हातात धरून उभा, आणि घेणारं कुणी नाही! तुम्हीच सांगा, आता ती किल्ली मी—

सापडली म्हणजे. मला सापडली पिठाच्या डब्यामागे.

काय विचारलंत? तिथे कशी गेली? आता ते मला काय — थांबा, एकेक थेंब अजून घालूया. वर बघा. हं, मिटा. — नाही हो डॉक्टर, नाही झाल्या अजून! पाठवतो, झाल्या की पाठवतो! — झाल्यात तशा, केव्हाच झाल्यात, पण बसा जरा, घाई काय आहे. डॉक्टर माझ्याच शब्दावर चालतात, मी नाही म्हटलं की नाही. आणि तुम्हाला तरी कुठे जाता येणार आहे? समोरचा माणूस दिसायचा नाही धड.

बरं, उचलली. उचलायचो मी. झालं समाधान? त्यात एवढं काय! चोरली का? घरातली वस्तू घरातच, या खोलीतून त्या खोलीत. अहो, ती विसरतेच ना, दहातल्या पाच वेळा खरंच विसरते, मग आणखी दोनदा मी — तिला तिच्या दुखण्याचा विसर पडू नये म्हणून. हो, हसा. पण पोरीला एकदा वाटलं ना की आपल्याला जमतंय, तर ती रस्त्यावर गाडीखाली येईल. मी धाक ठेवला म्हणून जिवंत आहे ती. गोळीचंसुद्धा तेच. सकाळची एक गोळी आहे तिला, लक्ष लागायची. ‘बाबा, मी घेतली का गोळी?’ मी म्हणायचो, घेतलीस की, आत्ता माझ्यासमोर. घेतलेली नसायची. नेहमी नाही हो! एकदोनदा. एकदा परीक्षा होती. नापास झाली, तर काय बिघडलं? घरी आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, आख्खी दुपार. तशी झोपली नव्हती लहानपणापासून.

नाही, काळजी नाही ही, प्रेमच म्हणा. तुम्हाला कळायचं नाही. तिच्या आईचंही असंच होतं. तशीच वेंधळी, किल्ल्या, चष्मा, बिलं — तिला तर इतकं पटलं होतं, स्वतःच म्हणायला लागली होती शेजारणीला, माझं डोकं फिरलंय. मी डॉक्टरकडेसुद्धा नेणार होतो. आणि एक दिवस उठली आणि गेली. मेली नाही हो, गेली. घरातली किल्ली न सापडणाऱ्या बाईला स्टेशनचा रस्ता बरोबर सापडला. पोरीला घेऊन जायचं मात्र विसरली. तेव्हा ठरवलं, हिच्या बाबतीत ढिलं सोडायचं नाही. म्हणून सांगतोय, मॅडम, हात जोडून सांगतोय, तुम्हाला दिसत नाहीयेत पण जोडलेत — वॉर्डनला सांगा, तयार नाही. नाहीतर मी तुमच्या प्रिन्सिपलांकडे जातो. म्हणतो, या बाई पोरांना बापाविरुद्ध उठवतात. माझं वय झालंय, डोळ्यांत पाणी आणायला मला औषध लागत नाही.

बोला की. शिकवलेलंच बसलंय अंगात वाटतं, नुसतं ऐकायचं.

काय? तिला माहीत होतं? कशावरून? ...कधीपासून म्हणालात?

खोटं. थापा मारता तुम्ही. अहो, ती माझ्यासमोरून जायची, पुस्तकात नाक घालून, तिला काय — जिन्यातून बघायची? मी खिळ्यावरून काढताना? आणि मग वर जाऊन झोपायची? सकाळी समोर उभी राहून विचारायची नाही, भांडायची नाही — आख्खी टर्म? मी पिठाचा डबा सरकवतोय आणि ही जिन्यात उभी राहून बघतेय... आणि तुमच्या वर्गात सांगितलं? सगळ्यांसमोर? काय सांगितलं, नीट सांगा. काय शब्द होते?

‘पंख्याचा आवाज येतोय. पाय गार पडलेत. बाबा किल्ली उचलतायत.’

एवढंच? पुढे? पुढे काहीतरी म्हणाली असेल. शिव्या दिल्या असतील, रडली असेल. नाही? राग तरी आलाय ना तिला? असा कसा नाही राग! आपल्या बापाचा राग यायला नको माणसाला? पंख्याशेजारी बसवलं मला? पंखा, पाय आणि बाप? राग आला असता तर भांडली असती, भांडली असती तर मी समजावलं असतं, मला येतं समजावता — ती चिडली की मला येतं सगळं. हे नुसतं बघणाऱ्या माणसाला काय करायचं असतं? सांगा ना, तुम्ही शिकवलंत, तुम्हीच सांगा!

वॉर्डनला काय सांगितलंत? ...कधी? मग माझ्यासमोर हे आत्ता तासभर — म्हणजे तुम्ही आज डोळे दाखवायला... आज. आत्ता कुठेय ती? मॅडम, आत्ता कुठेय भिंगरी? घरी कोण आहे तिच्याबरोबर? मैत्रिणी? टेम्पो? किती वाजता आणला टेम्पो? अहो, एरवी या वेळी मी जेवायला घरी असतो; आज तुम्हाला इथे बसवून ठेवलं, डॉक्टरांशी खोटं बोललो, वर थेंब घातले, आणि ती तिकडे सामान — तुम्ही बसून राहिलात. मुद्दाम. डोळे मिटून.

उघडा. उघडा म्हणतो ना. आता उजेड खुपेल, खुपू दे. डॉक्टरांचं दार समोर डाव्या हाताला आहे, मध्ये स्टूल आहे, एक पायरी आहे. भिंत चाचपत जा. मी हात देणार नाही.