टाकीची हजामत

सलूनवाला : बाजूने बारीक करू का काका, की नुसतं वाढलेलं काढू?

काका : मासा दिसला पाहिजे, बस. मधोमध भांग पडला तरी माझी हरकत नाही.

सलूनवाला : आयुष्यभर कात्री चालवली, पण कोणाच्या घरी येऊन माशाच्या टाकीतल्या शेवाळाची हजामत पहिल्यांदाच करतोय. थांबा, आधी जरा पाणी मारतो. नाही, ओलंच आहे म्हणा.

काका : माझा हात थरथरतो रे. मागे मीच कात्री घातली, तर शेवाळाऐवजी पाण्याची नळी कापली. सगळं खारं पाणी सोफ्यात. अजून त्यावर बसून उठलं की पँटवर मिठाचा थर येतो.

सलूनवाला : काय दाट आहे हो. माझ्या गिऱ्हाइकांना असं असतं तर दुकान दुमजली झालं असतं. पण एक सांगतो, कापलं की हे जोमाने येणार.

काका : सगळे उपाय झाले. शेवाळ खायला गोगलगायी आणल्या, तर त्या काच चढून घर बघायला निघाल्या. एक माझ्या चपलेत सापडली. मग दुकानदार म्हणाला, उजेड तोडा. टाकीवर ब्लँकेट टाकलं आणि मीही आत डोकं घालून बसलो.

सलूनवाला : तुम्ही कशाला?

काका : अंधारात एकटा घाबरला असता तो. मी रिटायर झालो तेव्हा हिने आणून दिला होता. पिवळाधमक, अंगठ्याएवढा. आता कित्येक महिने दर्शन नाही. पण खाण्यात कसूर नाही हो त्याची. तिन्ही वेळा टाकतो, सगळं फस्त.

काकू : दार सताड उघडं टाकून हे काय चाललंय? आणि माझी धुतलेली चादर टाकीच्या गळ्यात कोणी बांधली?

सलूनवाला : मी, काकू. सवयीने.

काकू : ठेव ती कात्री खाली. मी भाजीला गेले की यांचे उद्योग सुरू.

काका : अगं, मासा दिसावा म्हणून...

काकू : एकदम सगळं काढलं तर गारठेल तो.

काका : पाण्यातला मासा?

काकू : तुम्ही आत जा आणि गाळणी आणा बघू. कापलेलं सगळं वर तरंगतंय. मोठी गाळणी.

काका : मोठी कुठे असते?

काकू : शोधा. सापडल्याशिवाय येऊ नका.

सलूनवाला : काकू, रागावू नका, काकाच बोलवायला आले होते.

काकू : गेले ना आत? ऐक आता. मासा नाहीये त्यात.

सलूनवाला : म्हणजे?

काकू : कधीच गेला. हे अंघोळीला गेले होते तेव्हा काढला आणि गुलाबाच्या कुंडीत पुरला. आले की सांगायचं ठरवलं होतं. तर हे टॉवेल गुंडाळून आले ते थेट टाकीपुढे बसून बोलायलाच लागले. मग राहून गेलं. पुढे शेवाळ वाढलं, म्हटलं बरं झालं.

सलूनवाला : आणि ते तीन वेळचं जेवण?

काकू : शेवाळ जेवतंय. म्हणून तर असं माजलंय.

सलूनवाला : मग दुसरा मासा आणायचा ना.

काकू : पिवळा मिळाला नाही. लाल होता, पण तेवढं कळतं यांना.

सलूनवाला : सांगून टाका काकू. मासाच तो. काका काही धाय मोकलून रडणार नाहीत.

काकू : माशाचं कोणाला पडलंय? हे माझ्याशी बोलत नाहीत रे. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं हं आणि नको. जन्म ऑफिसात गेला, घरात काय बोलायचं असतं ते शिकलेच नाहीत. माशाशी मात्र घडाघडा बोलतात. रात्री झोप लागली नाही, धाकट्याचा फोन आला नाही, आमटी खारट झाली होती. मी आत नळ बारीक करून ऐकत असते. मासा नाही हे कळलं, तर बोलतील कोणाशी? मला यांचं काही म्हणजे काही कळणार नाही.

सलूनवाला : असं करतो, डाव्या कोपऱ्यात एक झुपका ठेवतो. टक्कल पडलेल्यांना मी असाच आडोसा करून देतो.

काकू : ठेव बाबा. आणि उरक लवकर.

काका : गाळणी तर ओट्यावर समोरच होती. वा, मधलं छान मोकळं झालं. कोपऱ्यातलं का ठेवलंस?

सलूनवाला : तिथेच आहे तो, काका. मघाशी शेपटी दिसली.

काका : मग काढ की तेही.

सलूनवाला : लाजतोय हो.

काका : माझ्याशी कसला लाजतो? काढ.

सलूनवाला : काकू, काय करू?

काका : तिला काय विचारतोस?

काकू : काढून टाक. किती दिवस ठेवणार.

(कात्री चालते, थांबते. टाकी तळापर्यंत स्वच्छ दिसते.)

काका : त्या मागच्या दगडाआड बघ.

सलूनवाला : बघितलं, काका.

काका : वाळूत बसला असेल.

सलूनवाला : नाही, काका. मी जरा चादर झटकून येतो बाहेर.

काकू : अहो, मी सांगणार होते. खरंच सांगणार होते.

काका : हं.

काकू : हं काय? रागवा माझ्यावर. काहीतरी बोला.

काका : मला उजव्या कानाने कमी ऐकू येतंय हल्ली.

काकू : हे कोणाला सांगताय?

काका : तुला. डावीकडे येऊन बस.